पालकांचा अर्ज

चाकणचे नाव निघाले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो संग्रामदुर्ग. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने मूठभर शिबंदीनिशी शायिस्तेखानाच्या अफाट फौजेस तेथे जवळजवळ दोन महिने थोपवून धरले, ही हकीकत शाळेतील मुलांसही ठाऊक असते. चिंचवड म्हटले की मोरया गोसावींचे समाधिस्थान आठवते. या परिसराचा हा इतिहास अनेकांनी लिहिला आहे व पुढेही लिहिला जाईल. प्रस्तुत लेखात आम्हांस त्याच भूमीवरील एका निराळ्या वेढ्याचा विचार करावयाचा आहे. या वेढ्यात तटाच्या बाहेर उभे आहेत ते आईबाप, आणि ज्या दरवाजाशी ते उभे आहेत तो आहे शाळेचा. त्यांचे मूल ऐकत नाही, वा पाहत नाही, वा चालत नाही, वा इतर मुलांप्रमाणे भराभर समजून घेत नाही, एवढ्याच कारणाने तो दरवाजा त्यांस अर्धवट उघडा मिळतो. हा दरवाजा कोणी, केव्हा व कसा उघडावयास लावला याचाही एक इतिहास आहे. आणि तो माहीत नसल्यामुळे आजही पुष्कळ पालक जे आपले आहे तेच हात जोडून मागत असतात.

पिंपरी-चिंचवडचा पट्टा औद्योगिक झाला त्यास फार काळ लोटलेला नाही. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पाठोपाठ आकुर्डीस बजाज, पिंपरीस टेल्को असे मोठे कारखाने आले. १९७० साली येथे नगरपालिका व १९८२ साली महानगरपालिका झाली. आणि चालू शतकाच्या आरंभी हीच लाट इंद्रायणी ओलांडून चाकणच्या माळावर पोचली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून आणि परप्रांतांतूनही माणसे आली. ती भाड्याच्या दोन खोल्यांत राहू लागली व पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी या तीन घंटांवर त्यांच्या घरातील दिवस-रात्र ठरू लागली.

या स्थलांतराचा आमच्या विषयाशी संबंध आहे. खेडेगावात व्यंग असलेल्या मुलाचे फार बरे चालत असे, असे आमचे म्हणणे नाही. त्यास टोपणनाव मिळे, पण शाळा मिळत नसे. तरीसुद्धा त्यास ओटा मिळे, आजी मिळे, गुरांमागे जाणारी भावंडे मिळत, आणि सगळी आळी त्यास ओळखत असे. कारखान्याच्या गावी यांपैकी काहीच नाही. बाप पाळीवर गेला, आई पाणी भरावयास वा कामास बाहेर पडली, की अशा मुलाच्या वाट्यास बाहेरून कडी लावलेली खोली येते. म्हणून इतर मुलांस शाळा ही विद्येची जागा असेल. या मुलास ती त्याच बरोबर माणसांत येण्याची एकमेव वाट आहे. ती बंद झाली तर मुलाचे बालपण कोंडले जाते आणि बहुधा त्याच्या आईची मिळकतही.

आता थोडे मागे जाऊ. आपल्या प्रांतात या मुलांच्या शिक्षणास आरंभ झाला तो मुंबईस. १८८५ च्या सुमारास बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने तेथे मूकबधिरांची शाळा निघाली. १९०० साली अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड बाईंनी अंधांसाठी शाळा सुरू केली. आणि १९०२ साली व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा स्थापन झाली. या संस्थांचे ऋण मोठे आहे व ते मान्य करण्यात कसलाही संकोच नसावा. परंतु त्यांची घडण दानधर्माची होती. दाते वर्गणी देत, संस्था मुलास ठेवून घेई, आणि पालकाने कृतज्ञ राहावयाचे एवढेच त्याचे काम असे. जागा नसली तर मुलास परत न्यावे लागे, व त्याबद्दल दाद मागावयाची कोणाकडे, हा प्रश्नच उद्भवत नसे.

याच सुमारास इंग्लंडात काय घडले ते पाहण्यासारखे आहे. १८९३ साली तेथील पार्लमेंटने अंध व बधिर मुलांच्या शिक्षणाचा कायदा केला व १८९९ साली बुद्धीने मंद आणि अपस्मारी मुलांसंबंधी दुसरा. म्हणजे ज्या राज्यकर्त्यांच्या घरी हे काम सरकारचे कर्तव्य ठरू लागले होते, त्यांच्याच अमलाखाली हिंदुस्थानात ते मिशनऱ्यांच्या व शेठसावकारांच्या उदारतेवर सोडलेले होते. नामदार गोखल्यांनी १९११ साली प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले ते सर्वसामान्य मुलांपुरते होते, आणि तेसुद्धा पुढील वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. धडधाकट मुलाच्या शिक्षणाची ही अवस्था, तेथे व्यंग असलेल्या मुलाचा कैवार कायदेमंडळात कोण घेणार?

त्यांतही बुद्धीने मंद असलेल्या मुलाची स्थिती सर्वांत बिकट. १९१२ च्या वेड्यांविषयीच्या कायद्याने वेडा कोणास म्हणावे याची जी व्याख्या केली तिच्यात जन्मतः बुद्धीची वाढ खुंटलेल्या माणसासही गोवले होते. आजार आणि अवस्था यांतील भेद कायद्यासच उमगला नव्हता, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांस कोठून उमगणार? १९८७ चा मानसिक आरोग्याचा कायदा होईपर्यंत ही गल्लत कायद्याच्या पुस्तकात राहिली. मुंबईत १९४१ साली चिल्ड्रेन्स एड सोसायटीने अशा मुलांसाठी निवासगृह काढले, ते मुख्यतः निराधार व न्यायालयाकडून येणाऱ्या मुलांकरिता. घरातून, आईच्या मांडीवरून उठून रोज सकाळी शाळेत जावयाचे आणि सायंकाळी परत यावयाचे, हे साधे सुख या मुलांस देणारी सोय अद्याप नव्हतीच.

ती सोय पहिल्याने निर्माण केली एका आईबापांनी. जय वकील आणि होरमसजी वकील या पारशी दांपत्याच्या मुलीस कोणतीही शाळा घेईना, तेव्हा १९४४ साली त्यांनी आपल्या घरीच तिच्यासाठी व तिच्यासारख्या मुलांसाठी शाळा सुरू केली. मुंबईतील जय वकील शाळेचा उगम हा असा आहे. पुण्यास १९६४ साली सिंधुताई जोशी यांनी 'कामायनी' स्थापन केली; तिचे काम पुढे निगडीसही सुरू झाले आणि कारखान्यांच्या वस्तीतील कित्येक घरांस आपल्या मुलाकरिता प्रथमच एक पत्ता मिळाला. १९७२ साली मुंबईस मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटीचा पाया घातला, त्याचेही कारण त्यांच्या मुलीस असलेला मेंदूचा पक्षाघात हेच होते. आळंदीस अंध मुलींची जागृती शाळा उभी राहिली, ती अंधांच्याच संघटनेच्या श्रमांतून. या साऱ्या हकीकती एकत्र मांडल्या असता एक गोष्ट लक्षात येते. दार उघडत नाही असे पाहून या माणसांनी दुसरे घरच बांधले. त्यांचे कर्तृत्व थोर खरे, पण ते सर्वांस साधणारे नव्हे. ज्याच्यापाशी घर आहे, पैसा आहे, ओळखीपाळखी आहेत, तो शाळा काढू शकेल. पाळीवर जाणाऱ्या कामगाराने काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील पालकांनी निराळ्या मार्गाने शोधले. पेनसिल्व्हेनिया संस्थानात मतिमंद मुलांच्या पालकांची एक संघटना होती. तिने १९७१ साली सरकारविरुद्ध फिर्याद केली. तिचे म्हणणे साधे होते: सरकार सर्व मुलांस फुकट शिक्षण देते, तर आमचीच मुले त्यांतून वगळण्याचा त्यास अधिकार काय? फिर्यादीचा निकाल पालकांच्या बाजूने लागला, आणि १९७५ साली साऱ्या देशासाठी कायदा झाला. त्या कायद्यातील आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटणारी तरतूद अशी की, प्रत्येक मुलाचा स्वतंत्र शिक्षण-आराखडा लेखी तयार व्हावा व तो ठरविणाऱ्या बैठकीत पालकाने शिक्षकांच्या बरोबरीने बसावे. म्हणजे पालक हा बाकावर वाट पाहणारा अर्जदार न राहता निर्णयातील वाटेकरी झाला.

आपल्याकडे ही वाटचाल सावकाश झाली, पण झाली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने अशा मुलांस शक्यतो सर्वसाधारण शाळांतच सामावून घेण्याची शिफारस केली व १९७४ साली केंद्र सरकारने तशी योजना काढली. योजना मात्र सरकारच्या मर्जीची असते. तिच्यापुढे हक्क सांगता येत नाही. तो सांगता यावा म्हणून पालक एकवटू लागले. डोंबिवलीकडे अमेय पालक संघटना उभी राहिली. १९९५ साली देशभरातील पालक-संघटनांचा 'परिवार' हा महासंघ झाला. १९९६ साली मुंबईत पालक आणि तज्ज्ञ यांनी मिळून महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनची स्थापना केली. १९९५ साली अपंग व्यक्तींचा कायदा झाला आणि त्याने अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचे वचन दिले. १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा आला. 'आमच्यामागे याचे कसे होणार?' हा जो प्रश्न अशा प्रत्येक आईबापाच्या उशाशी रात्रभर बसून असतो, त्याची दखल घेणारा हा कायदा आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्यांस, अठरा वर्षांनंतरही गरज असल्यास, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून पालकत्व नेमून घेण्याची वाट त्याने मोकळी केली.

त्यानंतर २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा आला व २०१२ साली त्यात दुरुस्ती होऊन दिव्यांग मुलाचा समावेश 'वंचित घटकात' झाला. या एका शब्दाचे परिणाम किती दूरवर जातात हे फार थोड्या पालकांच्या ध्यानात आले आहे. एक तर, विनाअनुदानित खासगी शाळांत वंचित व दुर्बल घटकांसाठी ज्या २५ टक्के जागा ठेवावयाच्या, त्यांवर या मुलासही दावा सांगता येतो. दुसरे असे की, सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, आणि वंचित घटकातील मुलांच्या पालकांस तीत प्रमाणशीर स्थान द्यावे लागते. म्हणजे ज्या खोलीबाहेर हे पालक ताटकळत उभे असतात, त्याच खोलीत त्यांची खुर्ची कायद्याने ठेवलेली आहे.

शेवटी २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा, जो एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत, अथवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षणाचा हक्क दिला. भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इमारत व वर्ग सुगम असावेत, अध्ययनातील अक्षमता वेळीच ओळखावी, जाण्यायेण्याची सोय व्हावी, परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट मिळावी, अशी सारी कर्तव्ये त्यात लिहिली आहेत. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचे प्रमाणही ठरवून दिले: बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता व अध्ययन-अक्षमता असलेल्या पाच मुलांमागे एक, आणि मेंदूचा पक्षाघात असलेल्या आठ मुलांमागे एक. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र मंत्रालयीन विभाग निर्माण केला. पिंपरीस मोरवाडीत महानगरपालिकेचे दिव्यांग भवनही उभे आहे. या शंभर-सव्वाशे वर्षांत शब्दही बदलत आले: वेडा, मतिमंद, अपंग, आणि आता दिव्यांग. शब्द सभ्य झाला हे चांगलेच झाले. परंतु शब्द बदलल्याने जिना उतरणीचा होत नाही.

कारण व्यवहारात अजून चालते ते पूर्वीचेच. शाळा सहसा 'नाही' असे लिहून देत नाही. ती गोड बोलते. 'याची काळजी आमच्याकडे नीट घेतली जाणार नाही हो', 'याच्यासाठी वेगळी शाळा असते', 'पुढल्या वर्षी पाहू'. या तोंडी वाक्यांचा पुरावा कोठेच उरत नाही, आणि पालक घरी येऊन नशिबास बोल लावतो. येथेच पालकाने एक जुनी मराठी विद्या स्मरावी. पेशव्यांच्या दप्तरापासून आपला समाज कागदाचे मोल जाणतो. प्रवेशाचा अर्ज लेखी द्यावा व त्याच्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच घ्यावी. नकार असल्यास तो सकारण लेखी मागावा. बैठक झाली की त्याच दिवशी 'आज असे असे ठरले' म्हणून दोन ओळींचे पत्र मुख्याध्यापकांस पाठवावे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र वेळेवर काढावे. महानगरपालिकेच्या हद्दीतील पालकास त्यासाठी संत तुकारामनगरातील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय जवळ पडते. चाकणकराची सोय त्याहून अवघड, कारण तो खेड तालुक्यात, महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर येतो. एकाच कारखान्यात एकाच यंत्रावर काम करणाऱ्या दोघांच्या मुलांस, एक नदीच्या अलीकडे व एक पलीकडे राहतो म्हणून, दोन निराळ्या कार्यालयांकडे धाव घ्यावी लागते, हे पालकाने आधीच जाणून असावे. शाळेने दाद न दिल्यास शिक्षणाधिकारी, आणि त्यापुढे पुण्यातील राज्याचे दिव्यांग आयुक्त, अशी पायरीपायरीची वाट आहे. ती वाट एकट्याने चालू नये. दहा पालकांच्या सह्यांचा कागद एका पालकाच्या अश्रूंपेक्षा लवकर वाचला जातो, हे कटू असले तरी खरे आहे.

येथे दोन आक्षेपांचा विचार अवश्य केला पाहिजे. पहिला असा की, चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाने अशा मुलाकडे कसे पाहावे? आक्षेप खोटा नाही. पण त्याचा रोख चुकीच्या माणसाकडे आहे. शिक्षक कमी असतील तर शिक्षक आणि पालक यांनी मिळून ते सरकारकडे व संस्थेकडे मागावयाचे. त्याचा दंड मुलाने का भरावा? विशेष शाळा बरी की सर्वांची शाळा बरी, हा वादही याच प्रकारचा. एखाद्या बधिर मुलास खुणांच्या भाषेत बोलणाऱ्या सवंगड्यांची शाळाच अधिक मानवेल. दुसऱ्या मुलास शेजारच्या मुलांबरोबर, शेजारच्याच शाळेत बसणे हिताचे ठरेल. कायद्याने निवड मुलाच्या बाजूने ठेवली आहे. ती शाळेच्या सोयीसाठी शाळेने करावयाची नाही, इतकेच.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. कोणी म्हणेल, हा पट्टा श्रीमंत आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांस नफ्याचे २ टक्के सामाजिक कार्यास खर्चावे लागतात. त्यांतून चाकांच्या खुर्च्या, श्रवणयंत्रे, शाळेस गाड्या मिळत असताना तक्रार कशाची? या मदतीस आम्ही हलके लेखीत नाही. ती घ्यावी व आनंदाने घ्यावी. परंतु देणगी एका वर्षी येते आणि दुसऱ्या वर्षी येत नाही. मुलास मात्र दरवर्षी वरच्या इयत्तेत जावयाचे असते. शिवाय खुर्चीवर बसलेल्या मुलाचे छायाचित्र काढून झाल्यावर त्याच्या शाळेच्या दाराशी उतरण नसेल, तर ती खुर्ची दाराबाहेरच थांबते. १९०० च्या सुमारास वर्गणीदारांच्या दयेवर जी व्यवस्था उभी होती, तीच कंपनीच्या नावाने पुन्हा उभी राहावयाची असेल, तर मधल्या शतकातील पालकांनी केलेले श्रम व्यर्थ गेले म्हणावे लागेल.

पालकाच्या या झुंजीचा हेतू काय, हेही नीट समजून घेतले पाहिजे. मुलाच्या वतीने आपण कायमचे बोलत राहावे, हा तो हेतू नव्हे. ज्या मुलीसाठी मिठू अलूर यांनी शाळा काढली, त्या मालिनी छिब यांनी मोठेपणी एका बोटाने अक्षर अक्षर टंकून आपली जीवनकथा स्वतःच लिहिली. सर्वच मुले लिहू शकणार नाहीत. काही बोलूही शकणार नाहीत. पण कोणता शिक्षक आवडतो, कोणत्या बाकावर बसावयाचे, कोणत्या गोंगाटाने जीव घाबरतो, हे कळविण्याची काही ना काही रीत प्रत्येक मुलापाशी असते. ती ओळखून शाळेस सांगणे हे पालकाचे काम, आणि ती एकदा शाळेस कळली की मागे सरणे हेही त्याचेच काम.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. हा लेख ज्या घरांत वाचला जाईल त्यांपैकी बहुतेक घरांत असे मूल नसेल, आणि म्हणूनच तो त्यांनी वाचावा अशी आमची इच्छा आहे. शाळा नकार देते तेव्हा पुष्कळदा ती आपल्या मनातील भीती बोलून दाखवीत नसते. इतर पालकांची भीती बोलून दाखवीत असते. 'त्या मुलामुळे आमच्या मुलांच्या अभ्यासाचा खोळंबा होतो' असे जो सुशिक्षित गृहस्थ शिक्षक-पालक सभेत म्हणतो, तो आपल्या नकळत एका मुलाच्या घरास बाहेरून कडी घालीत असतो. उलट त्याच सभेत त्याने उठून 'याच्यासाठी विशेष शिक्षक केव्हा येणार?' असे विचारले, व तो प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यावयास लावला, तर चाकणच्या एखाद्या चाळीतील आईचा अर्धा अर्ज त्याने लिहून दिल्यासारखे होईल. उरलेला अर्धा लिहावयास ती समर्थ आहे.